डाव्या अंगाची पात

फाल्गुन लागला की मी संध्याकाळी मुद्दाम वेशीजवळच्या दगडावर जाऊन बसतो. ज्वारीची काढणी सुरू झालेली असते आणि दिवसभर ताटं उपटून माणसं घराकडे परतत असतात. कुणाचा हात कमरेवर असतो, कुणी एका अंगाला कललेलं असतं, कुणी खांदा उडवत पाय ओढत येतं. वर्षातले हे पंधरा-वीस दिवस सगळं गाव माझ्यासारखं चालतं. मी त्यांना बघून हसतो आणि तेही मला बघून हसतात, कारण मी काय बघतोय हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. माझ्याच वयाचा किसना अजून रानात जातो. परवा माझ्यासमोर थांबून म्हणाला, "बघ बे, बघून घे. आज गावात तूच येक सरळ दिसायलास."

माझ्या पाठीचा कणा सरळ नाही. मानेखाली तो उजवीकडे सरकतो आणि कमरेशी परत डावीकडे वळतो. त्यामुळे उजवा खांदा वर, डावा खाली, उजवीकडच्या फासळ्या मागून फुगलेल्या आणि सगळं अंग डावीकडे कललेलं. सदऱ्याचा एक घोळ मांडीवर राहतो, दुसरा गुडघ्याला लागतो. हे तेराव्या-चौदाव्या वर्षी दिसू लागलं. निजामाचं राज्य होतं. बापानं मला बैलगाडीत घालून बीडच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं पाठीवरून बोट फिरवलं आणि उर्दूत सांगितलं की दुखणं जिवावरचं नाही, पण हाड आता सरळ व्हायचं नाही. बापाला उर्दू अर्धीच कळे. त्यानं पहिलं तेवढं ऐकलं आणि खुशीनं मला बाजारात गुळात घोळलेली गुडीशेव घेऊन दिली. मी शाळेत उर्दूच शिकत होतो, मला दोन्ही वाक्यं कळली होती. तरी शेव मी खाल्ली. ती चांगली होती.

गावानं लगेच नाव ठेवलं, इळ्या. इळा म्हणजे विळा. नाव ठेवणाऱ्याची नजर चांगली होती हे मी आज कबूल करतो. तेव्हा मात्र मला त्याचा राग येई. चारचौघांत मी भिंतीला टेकून उभा राही, खांद्यावर उपरणं असं टाकी की दोन्ही खांदे सारखे वाटावेत. कुणी फसत नसे. पण लोक सभ्य होते, फसल्यासारखं दाखवत.

आज शेताच्या बांधावर उभा राहिलो की पहिला येतो तो वास. वाळलेल्या ताटांचा, तापलेल्या काळ्या मातीचा, थोडा गोडसर आणि थोडा धुळकट. जमिनीला भेगा पडलेल्या असतात. ताट दोन्ही हातांनी धरून हिसका द्यायचा, मुळासकट ते बाहेर येतं, मग ते पायावर आपटून माती झाडायची. दुपारपर्यंत तळहात सोलून निघतात. मानेवर ज्वारीची बारीक कुसळं बसून खाज सुटते, आणि तरी सावलीत बसून कांदा फोडून भाकरी खाताना माणसाला वाटतं, याहून बरं काही नाही. हा वास आला की मी तेवीस वर्षांचा होतो, आणि बाप वारल्यानंतरची पहिली सुगी समोर उभी राहते.

बाप दिवाळीच्या आधी गेला. मागे मी, माय आणि सात-आठ एकर रान. आमच्या पाच घरांची सावड होती. सावड म्हणजे आज सगळे मिळून तुझ्या रानात, उद्या सगळे मिळून माझ्या रानात. ज्या घरचा गडी येईल त्या घरी सावड जाते, ज्या घरचा गडी येत नाही त्या घरी जात नाही, एवढा साधा तिचा कायदा. आमच्या घरचा गडी म्हणजे इतके दिवस बाप होता. आता मीच. मायेचं म्हणणं होतं की रान चुलतभावाला बटईनं द्यावं, तो कसेल आणि अर्धं आणून घालील. "तुझ्यानं व्हायचं न्हाई रे नाराण," ती म्हणायची, "मला का ठावं न्हाई का तुझी पाठ?" तिचं खोटं नव्हतं. पण बटईनं गेलेलं रान परत हाताखाली येत नाही, हे मला कळत होतं. एकदा ते गेलं की मी जन्मभर भावाच्या ओट्यावर बसून खाणारा माणूस होणार होतो. त्याची मला मरणाची भीती वाटत होती.

पौषात, कडाक्याच्या थंडीत, पाली गावचा पिंजारी आला. दगडूभाई त्याचं नाव. दर थंडीत तो गावोगाव फिरून लोकांच्या गाद्यांमधला कापूस पिंजून द्यायचा. आमच्या ओसरीवर त्यानं पिंजण टांगली आणि तांय तांय असा आवाज सुरू झाला. दाढीत, भुवयांत कापूस अडकलेला, आणि माणूस तिरपा बसलेला. मी समोरून दोनदा गेलो. तिसऱ्यांदा त्यानं हात थांबवला.

मला बघून लोक दोनच गोष्टी विचारत. काय झालं, आणि कधीपासून. त्यानं विचारलं, "कौनसे अंग से है रे? डाव्या का उजव्या?"

मला वाटलं, हाही टिंगल करतोय. मी फणकाऱ्यानं म्हटलं, "दिसत न्हाई का?"

"दिसतंय की. तुज्या तोंडून ऐकायचंय." असं म्हणून त्यानं बंडी वर केली आणि पाठ माझ्याकडे केली. डावीकडच्या फासळ्या फुगलेल्या, उजवीकडे कमरेत खोल घडी. माझीच पाठ, फक्त आरशात बघावी तशी उलटी. "मी उजवीकडं कलतो," तो बंडी खाली करत म्हणाला, "तू डावीकडं. शेजारी शेजारी बसलो तर कमान हुती बघ आपली."

तेवीस वर्षांत मी दुसऱ्या कुणाची अशी पाठ पाहिली नव्हती. मला वाटायचं, देवानं हे एकदाच केलं आणि ते माझ्यावर केलं. माझे डोळे भरून आले आणि त्याची लाज वाटली म्हणून मी कापसाच्या धुळीला शिव्या दिल्या.  दगडूभाईनं पुन्हा पिंजण वाजवायला घेतली.

दुपारी त्यानं मूठभर कापूस वेगळा काढला, तो चांगला कुटून घट्ट केला, मायच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात शिवला आणि माझ्या डाव्या कमरेच्या खोलगटात ठेवून वरून बापाचा जुना पटका कसून बांधला. मी श्वास घेतला. कमरेतली ती रोजची ओढ निम्म्यानं कमी झाली होती. "पाठ सरळ करायला न्हाई हे," तो म्हणाला. "पाठीला टेकायला हाय. सरळ व्हायचा नाद सोड. मी वीस साल तेच्यात घालवले." मग सामान आवरता आवरता म्हणाला, "बाजारी ये. नदीकडंच्या चिंचंखाली बसतो आमी. आणखी येक हाय आपल्यातली."

आपल्यातली! हा शब्द मी किती दिवस मनात घोळवला.

ती होती चंद्राक्का, लिंबागणेशची कासारीण. पन्नाशीची, ठसठशीत कुंकवाची, आवाज बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. बांगड्यांचं ओझं ती एकाच खांद्यावर वाही, दुसऱ्यावर ते टिकतच नसे. मला बघताच म्हणाली, "ये. आमच्या गावचा देवच वाकड्या सोंडेचा हाय, तेला लोक नारळ फोडत्यात. आपल्याला निस्तं बसायला जागा दिली तरी लई झालं." बाजाराच्या दिवशी दुपारी आम्ही तिघं चिंचेखाली भाकरी खायचो. बोलणी अगदी साधी असायची. कोणत्या कुशीवर झोपलं की सकाळी उठवतं. पाण्याची घागर कशी उचलायची. थंडीत फासळ्यांना काय लावायचं. खाट बरी की भुई, यावर दगडूभाईचं आणि चंद्राक्काचं भांडण तर कधी मिटलंच नाही. एकदा भाकरी मोडता मोडता ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला चार लेकरं हायेत. चारी सरळ." मी हे विचारलं नव्हतं. विचारायची माझी छाती झाली नसती. तिला ते कळलं होतं.

फाल्गुनात सावड गंगारामकाकाच्या रानापासून लागली. काका सावडीतला वडील माणूस, बापाचा जोडीदार. मी पटका कसून, पहाटेच हजर झालो. काकानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हळूच म्हणाला, "नाराण, तू बस. तुमच्या रानात आमी येऊ. तुज्या बापासाठी येऊ."

"फुकट नगं काका," मी म्हटलं. "पात धरतो."

"मंग धर."

इथे मी चूक केली. पात म्हणजे उपटणाऱ्यांची रांग, प्रत्येकाच्या वाट्याला ज्वारीच्या तीन ओळी, ज्याला आम्ही तास म्हणतो. उजव्या टोकाला म्होरक्या. तो सगळ्यांच्या पुढे, त्याच्या डाव्या हाताचा एक पाऊल मागे, त्याच्या डावीकडचा आणखी एक पाऊल मागे, अशी रांग तिरपी सरकते. त्यामुळे प्रत्येकाच्या उजवीकडची जागा मोकळी झालेली असते आणि उपटलेली ताटं उजवीकडे वळून तिथं टाकायची असतात. म्होरक्याची जागा बापाची होती. बापाचं पागोटं पोराला मिळतं, तशी पातीतली जागाही मिळते असं मी धरून चाललो आणि सरळ जाऊन उजव्या टोकाला उभा राहिलो. कुणी अडवलं नाही. गावात कुणी अशा वेळी अडवत नाही.

दर हिसक्याला उजवीकडे वळायचं होतं. माझं अंग नेमकं तिकडेच वळत नाही. थोड्याच वेळात घाम डोळ्यांत उतरला, फासळ्यांमध्ये कळा येऊ लागल्या. पण मी मागे पडत नव्हतो! न्याहारीपर्यंत मी सगळ्यांच्या बरोबर होतो. मला बापाची आठवण आली, मायचे शब्द आठवले, आणि मनात म्हटलं, बघ म्हणावं आता. मग मी सहज मागे वळून पाहिलं. माझ्या तीन तासांपैकी दोनच मी उपटत आलो होतो. तिसरा तास माझ्या डाव्या हाताला असलेला किसना गुपचूप ओढत आला होता, आणि किसनाचा एक तास त्याच्या पलीकडच्या काकानं. सकाळपासून.

त्या क्षणी मला जी आग लागली ती अजून आठवते. मी हातातली ताटं खाली टाकली आणि पात सोडून चालू लागलो. पात अशी मधूनच सोडून कुणी जात नाही. रांगेला खिंडार पडतं, सगळ्यांचा हात थांबतो. किसना मागून ओरडला, "आरं कावून चाललास बे? काय झालं?" मी वळलो नाही. घरी येऊन पटका सोडला, कापसाची ती उशी कोपऱ्यात फेकली. मायनं ते पाहिलं. संध्याकाळी ती एवढंच बोलली, "मंग सांगू का तुज्या चुलतभावाला?" मी म्हटलं, "परवा सांग."

दुसऱ्या दिवशी बाजार होता. चिंचेखाली मी सगळं ओकलो. दगडूभाई हळहळला. चंद्राक्का मात्र भाकरी हातात तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली.

"तू डावीकडं कलतूस," ती म्हणाली. "मंग उजव्या काठाला कावून उभा ऱ्हायलास?"

"ती आमच्या बापाची जागा हाय."

"बापाची पाठ होती का तुजी?" तिनं भाकरी खाली ठेवली. "मी बांगड्या भरते तवा बाईला कुठं बसवते? डाव्या हाताला. पाटलीण आली तरी डाव्या हातालाच. उजवीकडं बसली तं मला वळता येत न्हाई, बांगडी फुटती, तिचा हात कापतो. इतकी साधी गोष्ट. तुला वळायचंच कशाला लागतं तिकडं?"

"डाव्या काठाला नवशिके उभे ऱ्हात्यात," मी पुटपुटलो.

"मंग तू कोण हायस? जुना?" असं म्हणून ती अशी खळखळून हसली की पलीकडचा भाजीवाला बघायला लागला. दगडूभाईही हसला. आणि थोड्या वेळानं, नाइलाजानं, मीही हसलो.

परतताना वाटेत मी बापाच्या जागेचा विचार करत होतो. ती सोडताना मला वाईट वाटत होतं, हे खरं. पण त्याहून जास्त वाईट बटईचं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे उशी शोधून काढली, पटका बांधला आणि रानात गेलो. काका बांधावर बसून तळहाताला तेल लावत होता. मी म्हटलं, "काका, परवा पात सोडून गेलतो. चुकलं. डावा काठ द्या मला."

त्यानं तेलाची वाटी बाजूला ठेवली. "दुखलं तर सांगून बसायचं. सोडून जायाचं न्हाई," तो म्हणाला. "आन तासाचं म्हणशील, तुजा बाप दोन वरसं खोकत होता. म्होरं तोच चालायचा, पण तेचे दोन तास मी घेत होतो. तुला तरी कुठं दिसलं? कुनी कुनाचे घेतले हे मोजत बसलं तर सावड चालंल का?"

मला हे ठाऊक नव्हतं. दोन वर्षं मी बांधावरून बापाला सगळ्यांच्या पुढे चालताना बघत होतो आणि त्याची पाठ किती ताठ आहे हेच पाहत होतो.

डाव्या काठाला माझ्या डाव्या हाताशी बांध होता. मला उजवीकडे वळायची गरजच उरली नाही. ताट उपटायचं, अंग जिकडे आपोआप झुकतं तिकडे झुकायचं आणि बांधावर टाकायचं. पहिल्या दिवशी किसनानं माझा एक तास घेतला. मी बघितलं आणि पुढचं ताट उपटलं. चौथ्या दिवशी कुणी घेतला नाही. सातव्या दिवशी किसनाचा अंगठा सुजला होता, त्याचा एक तास मी ओढला. त्यानं तिरक्या नजरेनं पाहिलं. "इळ्याला धार लागली बे," तो म्हणाला. त्या दिवसापासून ते नाव मला कधी टोचलं नाही.

आमच्या रानाची पाळी सगळ्यात शेवटी आली. सूर्य अजून वर यायचा होता, ज्वारीची पानं दवानं ओली होती. मी नेहमीसारखा डाव्या काठाला जाऊन उभा राहिलो. रीत अशी की सावडीच्या शेवटच्या दिवशी ज्याचं रान, तोच म्होरक्या. मला ते आठवत होतं आणि मी आठवत नसल्यासारखं दाखवत होतो. उजव्या टोकाला कुणी तरी उभं राहील, मग आपण सुरू करू, म्हणून मी वाट बघत होतो. तिकडे कुणीच जाईना. काका चालत चालत माझ्या शेजारी आला आणि माझ्या उजव्या हाताला, एक पाऊल मागे उभा राहिला. त्याच्या उजवीकडे, आणखी एक पाऊल मागे, किसना. मग बाकीचे.

"लाग," काका म्हणाला.

मी पहिलं ताट उपटलं. पात सरकू लागली. आता सगळ्यांच्या डावीकडची जमीन मोकळी होत होती, म्हणून सगळ्यांना डावीकडे वळून ताटं टाकावी लागत होती. जन्मभर उजवीकडे वळलेली माणसं ती. त्यांचे हात अडखळत होते, ताटं एकमेकांच्या पायांत पडत होती. थोड्या वेळानं किसना कण्हायला लागला, "डावी कूस गेली की बे माझी. तू रोज कसा ऱ्हातूस असा?"  मी मान खाली घालून उपटत राहिलो, कारण वर बघितलं असतं तर सगळ्यांना माझा चेहरा दिसला असता.

ते रान आजही आमच्याकडे आहे. आता माझी मुलं कसतात. दगडूभाई आणि चंद्राक्का कधीच गेले, चिंचही राहिली नाही. पण पाठ वाकडी असलेली माणसं अजून कुठून कुठून विचारत येतात. गेल्या महिन्यात कडा गावाहून एक शाळामास्तरीण आली. पदर खांद्यावरून असा ओढून घेतला होता की दोन्ही खांदे सारखे वाटावेत. मी तिला काय झालं हे विचारलं नाही. म्हटलं, "बाई, कोणत्या अंगानं?" ती दचकली, मग पदर जरा सैल करून माझ्याशेजारी बसली. जाताना दगडूभाईची ती उशी कशी करायची ते लिहून घेऊन गेली.

मात्र मी बोलत होतो त्या सकाळबद्दल. न्याहारीच्या वेळी माय डोक्यावर पाटी घेऊन आली. बांधावर येऊन थांबली आणि डोळ्यांवर हात धरून बघत राहिली. गेल्या कित्येक सुग्या तिनं पात उजवीकडून पुढे जाताना पाहिली होती. त्या दिवशी सगळी रांग डावीकडे कललेली होती.

"भावजी," तिनं गंगारामकाकाला हाक मारली, "आज पात उल्टी कावून धरली?"

काकानं ताटं पायावर आपटली, डावीकडे वळून टाकली आणि कमरेवर हात ठेवून सावकाश उभा राहिला.

"उल्टी न्हाई वैनी," तो म्हणाला. "म्होरक्या हिकडं हाय."